घरगुती बियर आणि वर्टला हवा देण्याच्या सुरक्षित पद्धती : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ट म्हणजे काय, आणि त्याला मुद्दाम हवा देण्याची गरज का पडते?

मोड आणून वाळवलेल्या सातूची, म्हणजे माल्टची, भरड साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवली की तिच्यातील स्टार्चची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्ससह, म्हणजे कडू चव देणाऱ्या एका वेलीच्या फुलांसह, उकळला की त्याला वर्ट म्हणतात, आणि त्यात यीस्ट घालून किण्वन झाले की त्याची बियर होते. तासभर खळखळून उकळताना वर्टमध्ये विरघळलेला प्राणवायू जवळजवळ सगळा निघून जातो. अशा वर्टमध्ये आपण यीस्ट घालतो आणि त्याने दोनतीन दिवसांत कित्येक पट वाढावे, अशी अपेक्षा ठेवतो.

नवी पेशी तयार करायची तर तिच्याभोवतीचे पटल तयार व्हावे लागते. त्या पटलासाठी यीस्टला एर्गोस्टेरॉल (स्टेरॉल वर्गातला मेदासारखा पदार्थ) आणि असंतृप्त मेदाम्ले लागतात, आणि हे दोन्ही पदार्थ बनवताना त्याला मुक्त प्राणवायू हवाच असतो. आंद्रेआसेन आणि स्टियर या संशोधकांनी 1953 आणि 1954 साली दाखवून दिले की हे पदार्थ बाहेरून पुरवले, तर यीस्ट प्राणवायूवाचूनही वाढू शकते. यीस्टला हवा श्वसनासाठी लागते, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. वर्टमध्ये साखर इतकी असते की प्राणवायू उपलब्ध असतानाही यीस्ट मुख्यतः मद्यच तयार करते. आपण दिलेली हवा पटलाच्या बांधणीत खर्च होते.

पटलासाठी लागणाऱ्या या पदार्थांचा साठा कमी पडला तर प्रत्येक विभाजनागणिक तो वाटला जातो, पटले दुबळी होतात आणि मद्याचे प्रमाण वाढू लागले की पेशी तग धरत नाहीत. किण्वन उशिरा सुरू होणे, मध्येच थांबणे, बियर नको तितकी गोड राहणे, हिरव्या सफरचंदासारखा वास येणे, ही त्याची लक्षणे आहेत.

काजूच्या नीऱ्यात (बोंडांच्या रसात) किंवा माडाच्या सुरेत (ताडीसारख्या रसात) कोणी हवा भरत नाही. मग वर्टचेच एवढे का?

हा प्रश्न गोव्यातच विचारला जातो, आणि तो अगदी योग्य आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या भाटी, म्हणजे काजूच्या दारूची भट्टी, लागते त्यांना वर्टमध्ये नळी सोडून बुडबुडे काढणे हा खटाटोप वाटतो. फरक उकळण्याचा आहे. काजूची बोंडे तुडवताना रस हवेत चांगला घुसळला जातो. सूर माडावर बांधलेल्या मडक्यात थेंबाथेंबाने पडते आणि पडतानाच हवा घेते. हे दोन्ही रस न उकळता आंबतात, आणि त्यांच्यात निसर्गतः असलेले यीस्ट त्या फळावर किंवा त्या मडक्यात आधीपासून हवेत वाढलेले असते. शिवाय आंबलेल्या नीऱ्यापासून पुढे उर्राक आणि फेणी या दारू काढताना त्याचे ऊर्ध्वपातन होते, आणि सूर तर त्याच दिवशी संपते. बियर मात्र आठवडेच्या आठवडे बाटलीत राहते आणि तिच्यातील प्रत्येक उणीव जिभेला कळते.

गोव्यात घरी बियर करणे कायदेशीर आहे का?

राज्यातील मद्यनिर्मिती 1964 च्या गोवा, दमण व दीव अबकारी शुल्क कायद्याखाली येते आणि निर्मितीसाठी परवान्याची तरतूद आहे. घरापुरते करायचे म्हणून हा कायदा आपल्याला लागू नाही, असे कोणी गृहीत धरू नये. सुरुवात करण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील अबकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे. पुढील उत्तरे ही रीत पाळणाऱ्यांसाठी आहेत.

वर्टमध्ये किती प्राणवायू असावा?

साध्या ताकदीच्या एल प्रकारच्या बियरसाठी दर लिटरला 8 ते 10 मिलिग्रॅम, म्हणजे 8 ते 10 पीपीएम, हे प्रमाण सामान्यतः पुरेसे मानले जाते. जड वर्टला आणि थंडीत किण्वन होणाऱ्या लागर बियरला त्याहून अधिक लागतो. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्केच असल्यामुळे हवेच्या बळावर किती मजल मारता येते, याला मर्यादा आहे. शुद्ध पाणी 20 अंशांना हवेने तृप्त झाले तर त्यात लिटरला सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि 30 अंशांना तो सुमारे 7.6 वर येतो. वर्टमध्ये साखर विरघळलेली असल्यामुळे हे आकडे आणखी खाली येतात, म्हणून हवेने साधारण 8 पीपीएमपर्यंत पोहोचता येते, असे धरून चालावे. गोव्यातील उकाड्यात हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे, कारण वर्ट कोमट असेल तर पंप कितीही वेळ चालवला तरी वरची मर्यादाच खाली आलेली असते.

विरघळलेला प्राणवायू मोजणारे मीटर महाग असतात आणि घरी क्वचितच कोणाकडे असतात. त्यामुळे यीस्ट घातल्यापासून फेस दिसेपर्यंत किती तास गेले आणि हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाचे) शेवटचे वाचन अपेक्षेइतके खाली उतरले का, या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. चार खेपांच्या नोंदी झाल्या की आपली पद्धत पुरी पडते की नाही ते कळते.

मी पाकिटातले कोरडे यीस्ट वापरतो. मलाही हे सगळे करावे लागेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि नवशिक्यांना मी हेच सर्वांत आधी सांगतो. कोरडे यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेले असते आणि वाळवण्यापूर्वीच त्याच्या पेशींत स्टेरॉलचा साठा झालेला असतो. म्हणूनच ते बनवणाऱ्या कंपन्या पहिल्या वापराच्या वेळी वर्टला हवा देणे आवश्यक नाही, असे सांगतात. नेहमीच्या ताकदीच्या 20 लिटर वर्टमध्ये पूर्ण पाकीट घातले आणि वर्ट थोड्या उंचीवरून खळाळत ओतला, तर तेवढे पुरते. तळाशी बसलेले तेच यीस्ट दुसऱ्या खेपेला वापरायचे असेल तर मात्र साठा संपलेला असतो आणि हवा द्यावीच लागते. द्रवरूप यीस्टलाही पहिल्यापासूनच हवा लागते.

ज्यांनी अजून एकही खेप केलेली नाही त्यांनी कोरड्या यीस्टपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्सिजनची किंवा पंपाची खरेदी नंतरही होऊ शकते.

हवा नेमकी केव्हा द्यावी? गरम वर्टला दिली तर काय बिघडते?

वर्ट पूर्ण थंड झाल्यावर, यीस्ट घालण्याच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर. वर्ट सुमारे 27 अंशांच्या खाली आल्याखेरीज त्याला मुद्दाम हवा देऊ नये. गरम वर्टमध्ये प्राणवायू टिकतही नाही, आणि जो मिसळतो तो यीस्टच्या वाट्याला येण्याऐवजी वर्टमधील घटकांशीच संयोग पावतो, ज्याची परिणती पुढे शिळ्या, भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या चवीत होऊ शकते. गरम बाजूच्या या धोक्याचे वजन किती धरावे यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण थंड होईपर्यंत थांबण्यात काहीच तोटा नसल्यामुळे तो वाद आपल्याला सोडवत बसण्याचे कारण नाही. भाजण्याचा धोका मात्र वादातीत आहे. साखरेचा उकळता काढा पाण्यापेक्षा अंगाला अधिक चिकटतो, आणि तो एका भांड्यातून दुसऱ्यात खळाळत ओतणे हे घरी घडणाऱ्या गंभीर अपघातांचे कारण ठरू शकते.

गोव्यात नळाचे पाणीच कोमट असते. वर्ट 27 अंशांच्या खाली आणायचा कसा?

तांब्याच्या किंवा स्टीलच्या नळीचे वेटोळे वर्टमध्ये बुडवून त्यातून नळाचे पाणी सोडले, तर वर्ट त्या पाण्याहून थंड होणार नाही, हे उघड आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत गच्चीवरील टाकीतले पाणी दुपारी हाताला गरम लागते, त्यामुळे ते काम पहाटे करावे किंवा विहीर असेल तर तिचे पाणी वापरावे. अशा पाण्याने वर्ट 35 ते 40 अंशांपर्यंत आणावा, आणि पुढचे काम बर्फावर सोपवावे.

झाकण लावलेला टोप मोठ्या घंगाळात ठेवून भोवती बर्फ आणि पाणी भरले, पाण्यात दोनतीन मुठी जाडे मीठ टाकले आणि अधूनमधून निर्जंतुक केलेल्या स्टीलच्या डावाने वर्ट हळूच ढवळला, तर तापमान वेगाने उतरते. मासळी बाजारात मिळणारी बर्फाची लादी यासाठी चालते, पण ती फक्त भांड्याबाहेर. तो बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असल्याची खात्री नसते, म्हणून त्याचा एक तुकडाही वर्टमध्ये पडू देऊ नये. मिठाच्या पाण्याने स्टीलला डाग पडतात, म्हणून काम संपताच टोप बाहेरून धुऊन घ्यावा.

वर्ट त्या दिवशी थंड होणारच नसेल, तर उकळता सोसणाऱ्या, खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) कॅनमध्ये तो काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवता येतो आणि दुसऱ्या दिवशी हवा देऊन यीस्ट घालता येते. ही सोय मिनरल वॉटरच्या जारमध्ये करू नये. तो उकळत्या द्रवाने मऊ पडतो, आणि मऊ पडलेला जार उचलताना हातातून सुटला तर पायांवर जे सांडते त्याची कल्पना करावी.

क्वाइक हे नॉर्वेचे यीस्ट 30 अंशांच्या वरही छान काम करते, म्हणून इकडे ते आवडीचे झाले आहे. त्यालाही प्राणवायू लागतोच. किण्वन उष्णतेत व्हावे, पण हवा देताना वर्ट थंडच असावा, हे तिथेही लागू पडते.

जवळ कोणतेही साधन नसेल तर?

दोन निर्जंतुक भांड्यांत वर्ट आलटून पालटून चारपाच वेळा उंचीवरून ओतणे, किंवा बंद फर्मेंटर (किण्वनाचे भांडे) जोराने हलवणे, या पद्धतींवर जगभर अनेकांची बियर होते. यांतून किती प्राणवायू मिळतो याबद्दल यीस्ट बनवणाऱ्यांच्याच मोजण्यांत मोठी तफावत आढळते: एकाला 40 सेकंद हलवून 8 पीपीएमपर्यंत मिळाला, तर दुसऱ्याला 5 मिनिटे हलवूनही 3 पीपीएमदेखील नाही. भांड्यात वर किती जागा मोकळी आहे आणि हलवणाऱ्याच्या हातात किती जोर आहे, यांवर सगळे ठरते. म्हणून निम्मे भरलेले भांडे हलवावे, मग उरलेला वर्ट घालावा.

इथला धोका वजनाचा आहे. 20 लिटर वर्ट भांड्याशिवायच 21 किलो भरतो. तो ओल्या फरशीवर, हातांना निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाचा बुळबुळीतपणा असताना उचलून हलवणे पाठीला आणि पायांना घातक आहे. जमिनीवर जाड गोणपाट किंवा जुनी गादी पसरून, त्यावर फर्मेंटर बसवून, तो न उचलता पुढेमागे झुलवावा. काचेची मोठी बरणी मात्र कधीही हलवू नये. ओली काच निसटते, फुटते आणि मनगटाच्या शिरा व स्नायुबंध कापले जातात. हा एक नियम मी कोणालाही, कोणत्याही कारणासाठी शिथिल करून देणार नाही. काचेचीच बरणी असेल तर हवा देण्याचे काम आधी स्टीलच्या टोपात उरकावे.

ओतण्याचे काम अंगणात किंवा पडवीत करू नये. दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, केरसुणी त्या दिवशी फिरवलेली नाही, अशा खोलीत करावे. नळी तोंडाने ओढून वर्ट उतरवण्याची सवयही सोडावी, कारण तोंडातील जिवाणू थेट वर्टमध्ये जातात.

ताक घुसळायची रवी, मिक्सर किंवा ड्रिल चालेल का?

लाकडी रवी चालणार नाही, कारण लाकडाच्या भेगा निर्जंतुक होत नाहीत. संपूर्ण स्टीलची रवी असेल तर ती उकळून घेऊन पाच मिनिटे घुसळावे, उत्तम काम होते. मिक्सरच्या पात्याखालची रबरी चकती कधीच पुरती स्वच्छ होत नाही. ड्रिलला घुसळणी लावणाऱ्यांनी बॅटरीवरचे ड्रिल घ्यावे. तारेचे ड्रिल ओल्या हातांनी भरल्या टोपावर धरणे जिवावर बेतू शकते. घुसळणी मुलामा दिलेली नसावी, नाहीतर तो मुलामा वर्टच्या आम्लतेत सुटू लागतो.

माशांच्या टाकीचा पंप वापरताना काय काळजी घ्यावी?

ही पद्धत स्वस्त आहे आणि हवेने गाठता येणाऱ्या मर्यादेपर्यंत ती नक्की पोहोचवते. पंप, सिलिकॉनची नळी, मध्ये 0.2 मायक्रॉनचा हवेचा फिल्टर आणि टोकाला स्टेनलेस स्टीलचा एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र तुकडा), एवढेच साहित्य लागते. टाकीतला निळा किंवा करडा दगडी स्टोन मात्र घेऊ नये, कारण तो उकळून विश्वासाने वापरण्याजोगा नसतो. 5 ते 10 मिनिटे हवा पुरते. फेस काठाशी आला की पंप बंद करावा, फेस बसू द्यावा आणि पुन्हा चालू करावा. म्हणूनच फर्मेंटरमध्ये वर किमान चौथा हिस्सा जागा मोकळी असावी.

पंपाची जागा फर्मेंटरमधील वर्टच्या पातळीपेक्षा उंच असली पाहिजे, आणि नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असला पाहिजे. फोंड्याच्या बाजूला पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी माझा पंप जमिनीवर आणि फर्मेंटर स्टुलावर होता. लाइट गेली, पंप थांबला, नळीतला दाब ओसरला आणि वर्ट नळीतून उलटा उतरू लागला. अंधारात मी मेणबत्ती शोधत असताना तो फिल्टर भिजवून पंपात गेला आणि तिथून शेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डवर सांडला. लाइट परत आली तेव्हा बोर्डमधून ठिणगी उडाली. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला होता, त्याने पुरवठा तोडला म्हणून ते प्रकरण एका जळलेल्या बोर्डवर निभावले. त्या दिवसापासून पंप भिंतीवरच्या फळीवर असतो, बोर्ड दुसऱ्या भिंतीला असतो, आणि पंपाची तार प्लगपाशी पोहोचण्याआधी खाली झोळ देऊन वर नेलेली असते, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोळापाशीच गळून पडतो.

फिल्टर खरोखर लागतो का?

गोव्यात लागतो, असेच मी म्हणेन. दमट हवेत बुरशीचे बीजाणू बाराही महिने असतात आणि पावसाळ्यात तर कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी धरते. पंप दर मिनिटाला कित्येक लिटर खोलीतली हवा वर्टमध्ये ढकलतो, म्हणजे त्या हवेत जे आहे ते सगळे साखरेच्या काढ्यात जाते. पाणी न शोषणाऱ्या पडद्याचा 0.2 मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि बीजाणू अडवतो. तो ओला झाला तर हवा जाईनाशी होते, त्यामुळे तो वर्टपासून दूर, पंपाच्या जवळ जोडावा आणि निर्जंतुक करणाऱ्या द्रवात बुडवू नये.

काजूच्या हंगामात बियर आंबट होते असे म्हणतात. ते खरे आहे का?

मार्च ते मे या दिवसांत बागायतीत बोंडांचा खच पडतो आणि त्याबरोबर फळमाश्या घरात येतात. त्यांच्या अंगावरून व्हिनेगर करणारे जिवाणू प्रवास करतात, आणि या जिवाणूंना वाढायला नेमका प्राणवायूच लागतो. म्हणजे हवा देण्याच्या वेळी उघड्या भांड्यात पडलेली एक माशी सर्वांत वाईट क्षणी पडलेली असते. जवळपास भाटी चालू असेल, घरात पिकलेली फळे उघडी असतील, तर त्या दिवशी उघड्या भांड्यात ओतण्याची पद्धत टाळून झाकणातील भोकातून नळी आत सोडावी आणि भोकाभोवती निर्जंतुक करणाऱ्या द्रवात भिजवलेला कापूस लावावा.

शुद्ध ऑक्सिजन वापरावा का?

जड बियर, लागर किंवा पुन्हा पुन्हा वापरायचे यीस्ट, यांसाठी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. 20 लिटर थंड वर्टमध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या स्टोनमधून मिनिटाला 1 लिटर या गतीने 60 सेकंद ऑक्सिजन सोडला की साधारण 9 पीपीएम गाठता येतात. वेळ इतका थोडा लागतो की फेसही फारसा होत नाही. तरीही घरगुती बियरच्या सगळ्या साधनांत हे सर्वांत धोकादायक आहे, आणि त्याची गरज खरोखर आहे का, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे ठरवावे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो इतरांना जाळतो. हवेतील त्याचे प्रमाण 21 वरून 24–25 टक्क्यांवर गेले तरी सुती कापड आणि केस ठिणगीने भराभर पेटतात. आपण वर्ट ज्या खोलीत उकळला तिथेच गॅसची शेगडी आणि एलपीजीचा सिलिंडर असतो, आणि आपल्या घरांत शेजारच्या देव्हाऱ्यात समई किंवा उदबत्ती तेवत असते. ऑक्सिजन सोडण्यापूर्वी शेगडी आणि एलपीजीचा रेग्युलेटर दोन्ही बंद करावेत, दिवा शांत झालेला असावा, खिडक्या उघडाव्यात, आणि काम संपल्यावर निदान पंधरा मिनिटे त्या कपड्यांनिशी आगीजवळ जाऊ नये. शक्य असेल तर फर्मेंटर दुसऱ्या हवेशीर खोलीतच न्यावा.

ऑक्सिजनच्या झडपेला, रेग्युलेटरला किंवा आट्यांना तेल, ग्रीस, खोबरेल, हाताला लावायचे क्रीम, काहीही लागू देऊ नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेल यांचा संयोग ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. आटा घट्ट बसतो म्हणून त्यावर तेलाचा थेंब सोडण्याची आपली घरगुती सवय इथे प्राणघातक आहे. झडप सावकाश उघडावी, सिलिंडर भिंतीला साखळीने उभा बांधावा, आणि रेग्युलेटर ऑक्सिजनसाठीच बनवलेला असावा. बियरला फेस देण्यासाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर त्यावर चढवू नये.

हा सिलिंडर कुठून घ्यावा?

भारतात गॅस सिलिंडर भरणे आणि बाळगणे 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येते, म्हणून तो अधिकृत विक्रेत्याकडूनच, कागदपत्रांसह घ्यावा. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात घरी भरणे सर्वस्वी वर्ज्य आहे. वेल्डिंगच्या दुकानातून उसना आणलेला सिलिंडर मी वापरणार नाही, कारण त्याच्या झडपेला तिथे कशाकशाचा हात लागला आहे ते आपल्याला कळत नाही. वैद्यकीय सिलिंडर रुग्णांसाठी असतो. 2021 साली लोकांनी त्या सिलिंडरसाठी केलेली धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बियरसाठी तो अडवून ठेवणे कधीही योग्य वाटणार नाही.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे. तो चालेल का?

हे यंत्र हवेतील नायट्रोजन वेगळा करून सुमारे 90 ते 96 टक्के ऑक्सिजन देते, आणि त्यात उच्च दाबाचा साठा नसल्यामुळे सिलिंडरपेक्षा त्याचा धोका कमी असतो. आगीबाबतचे सर्व नियम मात्र त्यालाही लागू आहेत. घरात किंवा शेजारी ज्याला त्याची गरज पडू शकेल असा रुग्ण असेल, तर त्याला हात लावू नये. वापरायचाच असेल तर एकदिशा व्हॉल्व्ह आणि फिल्टर लावूनच वापरावा. एकदा वर्ट आत गेलेले यंत्र पुन्हा माणसाच्या नाकाला लावण्यायोग्य राहत नाही.

प्राणवायू जास्त होऊ शकतो का?

साध्या हवेने नाही. शुद्ध ऑक्सिजनने होतो. मग यीस्ट गरजेपेक्षा जास्त वाढते, फळांचा सुगंध उणा होतो आणि घशाला जळजळणारी जड अल्कोहोले वाढतात. म्हणून घड्याळ लावल्याशिवाय झडप उघडू नये.

ऑलिव्ह तेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालून भागते असे वाचले. ते खरे का?

अमेरिकेतील न्यू बेल्जियम या ब्रुअरीत यीस्टच्या साठ्यात ऑलिव्ह तेल घालून हवेला पर्याय शोधण्याचा प्रयोग झाला होता. पण घरगुती प्रमाणावर लागणारी मात्रा थेंबाचाही अंश असते, ती मोजता येत नाही, आणि जास्त झालेले तेल बियरचा फेस मारते. हायड्रोजन पेरॉक्साइड यीस्टलाच मारते आणि तीव्र द्रावण त्वचा भाजते. तो प्रयोग करू नये.

रात्री हवा द्यायची राहून गेली. आता सकाळी दिली तर चालेल का?

किण्वन अजून दिसत नसेल, फेस आलेला नसेल, तर द्यावी. यीस्ट घातल्यापासूनच्या पहिल्या काही तासांत दिलेला प्राणवायू ते झपाट्याने शोषून घेते. वर्टची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, 1.080 च्या वर असेल तर 12 ते 18 तासांनी ऑक्सिजनची दुसरी मात्रा मुद्दामही देतात. नेहमीच्या वर्टमध्ये फेसाचा थर चढला आणि एअरलॉक (फर्मेंटरमधला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) बोलू लागला की मात्र हात आवरावा. त्यानंतर आत जाणारी हवा बियर शिळी करते, लोण्यासारखा वास वाढवते आणि व्हिनेगरच्या जिवाणूंना वाट करून देते. अडलेले किण्वन हवा देऊन सुटत नाही. दुसऱ्या भांड्यात जोमात आलेले ताजे यीस्ट त्यात घालणे हा अधिक बरा उपाय आहे.

एअर स्टोन स्वच्छ कसा करावा?

स्टोनला उघड्या बोटांनी धरू नये, कारण बोटांवरचा तेलकटपणा त्याची छिद्रे बुजवतो, आणि ऑक्सिजनच्या बाबतीत तेल किती घातक आहे ते वर आलेच आहे. वापर संपताच, हवा चालू असतानाच, तो स्वच्छ गरम पाण्यात दोन मिनिटे बुडवून धरावा, म्हणजे आतला वर्ट बाहेर फेकला जातो. मग 15 मिनिटे पाण्यात उकळावा. पुढच्या खेपेच्या आधी पुन्हा उकळावा, किंवा नळीसह फॉइलमध्ये गुंडाळून कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर मंद आचेवर 20 मिनिटे ठेवावा. सिलिकॉनची नळी हे सोसते, पीव्हीसीची पारदर्शक नळी सोसत नाही. उकळणे शक्य नसलेल्या भागांसाठी स्टार सॅनसारखे, नंतर धुवावे न लागणारे आम्लयुक्त जंतुनाशक 19 लिटर पाण्यात 30 मिलिलिटर या प्रमाणात वापरावे आणि मूळ द्रावण ओतताना हातमोजे व चष्मा घालावा. स्टोन पाण्यात धरून फुंकल्यावर बुडबुडे एकाच बाजूने येऊ लागले, तर छिद्रे बुजली आहेत असे समजावे. उकळूनही ते सगळीकडून येत नसतील तर नवा स्टोन घ्यावा.